ऐकणे आणि विचारणे : बंगळूरमधील अध्यापक-शिक्षण आणि संप्रेषण-तंत्रज्ञान

कन्नड भाषेत 'केळु' हा एकच धातू ऐकणे आणि विचारणे या दोन्ही क्रियांसाठी वापरला जातो. 'कथे केळु' म्हणजे गोष्ट ऐक, आणि 'प्रश्ने केळु' म्हणजे प्रश्न विचार. तमिळमधील 'केळ्' या सजातीय धातूलाही हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत मात्र ऐकणे आणि विचारणे (जुन्या मराठीत पुसणे) ही क्रियापदे वेगळी आहेत, आणि त्यांतले 'ऐकणे' पुष्कळदा आज्ञापालनाकडे झुकते. 'मुलगा ऐकत नाही' या तक्रारीत कानाचा दोष अभिप्रेत नसतो. आज्ञापालनाची ही छटा कन्नडमध्येही आहे. परंतु त्याच धातूत विचारण्याचा अर्थही नांदत असतो. कर्नाटकातील प्राथमिक शाळांसाठी आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या पाठमालेचे नाव 'केळि-कलि' असे होते. त्याचा सरळ अर्थ 'ऐकून शीक'. पण 'विचारून शीक' हा अर्थही कन्नड व्याकरणाला तितकाच मान्य आहे. मराठी कानाला हे नाव प्रथम ऐकताना केळीचा आणि कलीचा भास होतो, हा भाग निराळा.

बंगळूर हे केंद्र धरून गेल्या पाच दशकांत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी उपग्रह, दूरचित्रवाणी, नभोवाणी, संगणक आणि भ्रमणध्वनी यांचा जो वापर झाला, त्याचा इतिहास या एका धातूच्या आधाराने वाचता येतो. 'केळु'मध्ये एकत्र असलेले दोन अर्थ यंत्रांनी बहुतेक वेळा वेगळे केले. शिक्षकाला ऐकवण्याची सोय आधी झाली आणि मोठ्या प्रमाणावर झाली. विचारण्याची सोय नंतर, अपुरी आणि खर्चाच्या हिशेबाने झाली. हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. संहिता कोणाची, ती कोणत्या भाषेत, श्रोत्याला उत्तरादाखल बोलता येते की नाही, आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना तिचे काय होते, हे तौलनिक साहित्याचे नित्याचे प्रश्न आहेत. प्रशिक्षणाच्या वर्गात ते वेगळ्या वेषात भेटतात, इतकेच.

मराठीतील परिभाषाही या बाबतीत बोलकी आहे. इंग्रजी 'कम्युनिकेशन'साठी विद्यापीठीय मराठीत 'संज्ञापन' आणि 'संप्रेषण' असे दोन शब्द रूढ आहेत. पहिल्यात कळवणे आहे, दुसऱ्यात पाठवणे. कन्नडमधील 'संवहन' या शब्दात वाहून नेणे आहे. तिन्ही शब्दांत गती एका दिशेची दिसते. बोलीतला 'दळणवळण' हा शब्द त्या मानाने उदार, कारण त्यात जाणे-येणे दोन्ही गृहीत असते. पण तो रस्ते, रेल्वे आणि टपाल यांच्याकडे गेला आणि शिक्षणशास्त्राच्या वाट्याला आला नाही.

बंगळूरची निवड आपसूक होते. १९७२ मध्ये अंतराळ विभागाची स्थापना झाली, तेव्हापासून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालय या शहरात आहे. राज्यातील शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाची सूत्रे हलवणारा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण विभाग (डीएसईआरटी) येथेच आहे. दक्षिणेकडील राज्यांच्या इंग्रजी शिक्षकांसाठी १९६३ मध्ये स्थापन झालेली प्रादेशिक इंग्रजी संस्थाही येथलीच. उपग्रह घडवणारे आणि शिक्षक घडवणारे एकाच शहरात असल्यामुळे प्रयोगांना अडचण कमी पडली. त्या शहरापासून दूर, विजापूर, बिदर किंवा बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यात बसलेल्या शिक्षकाला मात्र बंगळूर हे नेहमीच 'वरून' बोलणारे ठिकाण राहिले.

या इतिहासाचा पहिला टप्पा १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात घडला. विक्रम साराभाई यांच्या कल्पनेतून आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा'शी झालेल्या करारातून 'साइट', म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग, साकार झाला. 'एटीएस-६' हा अमेरिकी उपग्रह वर्षभरासाठी उपलब्ध झाला आणि सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत, जाळीच्या मोठ्या तबकड्या उभारून, थेट उपग्रहाकडून चित्र उतरवणारे संच बसवण्यात आले. या प्रयोगाचे व्यवस्थापन कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते. कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर या जिल्ह्यांची निवड झाली होती. यांपैकी विजापूर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात आणि इतर दोन हैदराबाद संस्थानात (पुढे हैदराबाद राज्यात) होते. म्हणजे कन्नड, मराठी, दखनी, उर्दू आणि तेलुगू यांची सरमिसळ जिथे रोजच्या बाजारात ऐकू येते, असा हा मुलूख होता.

'साइट'चा उल्लेख सहसा शेती, आरोग्य आणि कुटुंबनियोजन यांच्या संदर्भात होतो. त्यातील शिक्षक-प्रशिक्षणाचा भाग त्या मानाने दुर्लक्षित आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये सुमारे चोवीस हजार प्राथमिक शिक्षकांना एकाच वेळी विज्ञान-अध्यापनाचे बारा दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. प्रशिक्षण महाविद्यालयांच्या नेहमीच्या क्षमतेने हे काम करायचे तर किती वर्षे लागली असती, याचा विचार केला म्हणजे त्या काळच्या नियोजकांना वाटलेला उत्साह समजू शकतो. केवळ चित्र दाखवून भागणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते. दूरचित्रवाणीच्या जोडीला नभोवाणी, छापील साहित्य आणि हाताने करून पाहायचे प्रयोग असा बहुमाध्यम संच राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) तयार केला होता.

या योजनेचा एक तांत्रिक तपशील भाषाभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. या प्रक्षेपणात एका चित्रवाहिनीबरोबर दोन ध्वनिवाहिन्या पाठवण्याची सोय होती. म्हणजे एकच चित्र एका खेड्यात कन्नड बोलू शकत होते आणि दुसऱ्या खेड्यात तेलुगू. बहुभाषिक देशासाठी ही युक्ती चतुर खरी. पण तिच्यामागे एक गृहीतक आहे. आशय चित्रात असतो आणि भाषा त्यावर चढवलेला थर असते, असे ते गृहीतक. अनुवादाचा अभ्यासक त्याला सहजासहजी मान्यता देणार नाही. शिवाय 'कन्नड' म्हणजे तरी कोणती? म्हैसूर-बंगळूरच्या शिष्ट कन्नडपेक्षा विजापूर-गुलबर्ग्याची कन्नड उच्चारात, प्रत्ययांत आणि शब्दसंग्रहात वेगळी आहे. तिच्यात मराठी आणि दखनी शब्दांचा भरणा मोठा आहे. दोन ध्वनिवाहिन्यांच्या योजनेत या तिसऱ्या आवाजाला जागा नव्हती. आणि मुख्य म्हणजे वर्षभर उपग्रह बोलला; त्याला काही विचारण्याची वाट त्या योजनेत नव्हती. ३१ जुलै १९७६ नंतर उपग्रह दुसरीकडे वळवण्यात आला.

पुढची दोन दशके थोडक्यात सांगता येतात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, आणि सेवांतर्गत प्रशिक्षण हा अपवाद न राहता नियम झाला. एवढ्या मोठ्या संख्येपर्यंत पोहोचण्यासाठी जी पद्धत स्वीकारली गेली तिला शिक्षकांच्या बोलण्यात साखळी पद्धत म्हणतात. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्हास्तरावर शिकवतात, तेथले तालुकास्तरावर आणि शेवटी विषय शाळेतल्या शिक्षकापर्यंत पोहोचतो. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते, हा या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. सहा दिवसांचा अभ्यासक्रम खाली येईपर्यंत दोन दिवसांचा होई, आणि कृती जाऊन व्याख्यान उरे.

परंतु साहित्याच्या अभ्यासकाला ही साखळी ओळखीची वाटेल. हस्तलिखितांची परंपरा अशीच चालत आली. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, आणि प्रत्येक प्रतीत पाठभेद. पाठचिकित्सेने हे केव्हाच दाखवून दिले आहे की सगळेच पाठभेद लेखनिकाच्या डुलकीतून येत नाहीत. काही पाठभेद म्हणजे प्रत करणाऱ्याने आपल्या प्रदेशाच्या बोलीला, आपल्या श्रोत्याच्या समजुतीला दिलेला प्रतिसाद असतो. तालुक्याच्या ठिकाणचा प्रशिक्षक राज्यस्तरावरचे उदाहरण बाजूला ठेवून शेजारच्या ओढ्याचे उदाहरण देतो, तेव्हा तो साखळीच्या हिशेबात 'गळती' करत असतो. वर्गाच्या हिशेबात मात्र भरच घालत असतो. प्रशिक्षणाच्या नियोजकांनी ही दोन प्रकारची भेदरूपे वेगळी केली नाहीत. त्यांना हवी होती एकच प्रमाण संहिता, मूळ तज्ज्ञाच्या तोंडून, एकाच वेळी सर्वांपर्यंत. उपग्रहाने तेच आश्वासन दिले.

जानेवारी १९९६ मध्ये कर्नाटकात झालेला प्रयोग या आश्वासनाचा पहिला कस होता. प्राथमिक शिक्षकांच्या विशेष उद्बोधनाचा जो कार्यक्रम देशभर साखळी पद्धतीने चालला होता, तोच येथे एका आठवड्यासाठी परस्परसंवादी दूरचित्रवाणीवरून देण्यात आला. एनसीईआरटी, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, अंतराळ संशोधन संस्था आणि राज्याचा शिक्षण विभाग त्यात होते. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांचे पाठबळ होते. राज्यातील २० केंद्रांवर सुमारे ८५० शिक्षक बसले होते. रचना 'एकमार्गी चित्र, द्विमार्गी ध्वनी' या सूत्राने सांगितली जाते. स्टुडिओतील तज्ज्ञ उपग्रहामार्फत सर्व केंद्रांना दिसतात आणि ऐकू येतात. केंद्रावरचा शिक्षक दूरध्वनीवरून प्रश्न विचारतो, आणि त्याचा आवाज स्टुडिओतून फिरून पुन्हा सर्व केंद्रांवर जातो. शिक्षक तज्ज्ञाला पाहतो, तज्ज्ञ शिक्षकाला पाहत नाही.

१९७५ च्या तुलनेत हे पाऊल मोठे होते. 'केळु'चा दुसरा अर्थ यंत्रात प्रथमच शिरला. त्याला किती जागा मिळाली हे साध्या अंकगणिताने पाहता येते. समजा, रोज दोन तास प्रश्नोत्तरांना दिले आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तरासह तीन मिनिटे लागली, तर दिवसाला चाळीस प्रश्न होतात. सात दिवसांत दोनशे ऐंशी. कोणीही दुसऱ्यांदा विचारले नाही असे धरले, तरी आठशे पन्नासांपैकी दोन-तृतीयांश शिक्षकांना आठवडाभरात तोंड उघडण्याची पाळी येत नाही. हा केवळ हिशेब आहे. दूरध्वनी न लागण्याची त्या काळची सर्वसाधारण शक्यता त्यात धरलेलीच नाही.

संख्येपेक्षाही प्रश्नाचे स्वरूप महत्त्वाचे आहे. वर्गात शेजारच्या शिक्षकाला हळूच विचारलेला प्रश्न आणि वीस केंद्रांवर ऐकू जाणार आहे हे जाणून विचारलेला प्रश्न यांची भाषा एक राहत नाही. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आधी कागदावर उतरतो, प्रमाण भाषेत येतो, आणि बहुधा ज्याचे उत्तर असणारच अशा वळणाचा होतो. 'माझ्या वर्गात चार इयत्ता एकत्र बसतात, तेव्हा हे मी केव्हा करू?' असा प्रश्न त्या वळणात बसत नाही, कारण त्यात तज्ज्ञाच्या पाठाला दिलेले आव्हान असते. प्रत्यक्ष समोर बसलेला तज्ज्ञ अशा प्रश्नावर थांबू शकतो, विचारणाऱ्याकडून आणखी काढून घेऊ शकतो. प्रक्षेपणाच्या वेळापत्रकात थांबणे महाग असते.

येथे दक्षिणेतल्या दोन जुन्या ग्रंथांची आठवण अप्रस्तुत होणार नाही. मराठीतला 'लीळाचरित्र' हा तेराव्या शतकातला ग्रंथ, आणि कन्नडमधला 'शून्यसंपादने' हा पंधराव्या शतकात शरणांच्या वचनांतून गुंफलेला संवादग्रंथ. दोन्हींची घडण संवादाची आहे. 'लीळाचरित्रा'त चक्रधरांचे निरूपण अनेकदा कोणा भक्ताच्या साध्या, कधी अडाणी वाटणाऱ्या प्रश्नाने सुरू होते आणि म्हाइंभटांनी तो प्रश्नही जतन केला. 'शून्यसंपादने'त तर विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या जागा फिरत राहतात. शिष्याच्या प्रश्नामुळे गुरूचे बोलणे घडते, हे या परंपरांना ठाऊक होते. संवादाचे हे भान ज्या प्रदेशात इतके खोल रुजलेले आहे, तेथे प्रशिक्षणाच्या इतिवृत्तांत तज्ज्ञांची व्याख्याने जपली जावीत आणि शिक्षकांचे प्रश्न संख्येपुरते उरावेत, ही विसंगती सहज नजरेआड करण्यासारखी नाही.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून 'एज्युसॅट' अवकाशात गेला. पूर्णपणे शिक्षणासाठी वाहिलेला हा पहिला भारतीय उपग्रह बंगळूरमध्ये तयार झाला होता. त्याच्या पूर्वतयारीचे प्रायोगिक प्रक्षेपण 'इन्सॅट-३बी'वरून तीन राज्यांत झाले. कर्नाटकात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, मध्य प्रदेशात राजीव गांधी तांत्रिक विद्यापीठ आणि महाराष्ट्रात नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांच्यामार्फत ते चालले. नाशिकच्या विद्यापीठाने छापील स्वयंअध्ययन साहित्य, संपर्कसत्रे आणि अभ्यासकेंद्रे यांच्या आधारे सेवेतील शिक्षकांना बी.एड.पर्यंत नेण्याची वाट आधीच पाडली होती. उपग्रह त्या वाटेवरचे एक साधन म्हणून आला. कर्नाटकात त्याचा शालेय वापर चामराजनगर जिल्ह्यात सुरू झाला. सुमारे नऊशे प्राथमिक शाळांत ग्रहणसंच बसले आणि पाठ बंगळूरहून प्रक्षेपित होऊ लागले.

एज्युसॅटच्या जाळ्यात दोन प्रकारची टर्मिनले होती. एक परस्परसंवादी, जेथून उलट बोलता येते. दुसरे केवळ ग्रहण करणारे. पहिले महाग, आणि परतीच्या संदेशासाठी उपग्रहाची क्षमताही खाणारे, दुसरे स्वस्त. महाविद्यालये आणि वरिष्ठ संस्था यांच्या वाट्याला सहसा पहिले आले, आणि चामराजनगरच्या प्राथमिक शाळांच्या वाट्याला दुसरे. ज्याला शिक्षणव्यवस्थेत आधीच बोलता येत होते त्याला बोलण्याचे यंत्र मिळाले, आणि ज्याचे कोणी विचारत नव्हते त्याला ऐकण्याचे. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. दरपत्रकाने निर्णय केला. केवळ ग्रहण करणाऱ्या संचापुढे मुलांबरोबर शिक्षकही बसत असे, आणि पडद्यावरच्या अध्यापकाच्या तुलनेत वर्गात त्याचे स्थान काय, हा प्रश्न अधांतरी राहत असे. उपग्रहाच्या प्रादेशिक झोतांचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. भाषावार प्रांतरचनेची रेघ त्यांना ठाऊक नसते. सीमेवरच्या गावावर दोन राज्यांची प्रक्षेपणे सांडू शकतात. संच मात्र ज्या राज्याचा, त्याच राज्याचे बोलतो. २०१० मध्ये एज्युसॅट सेवेतून निवृत्त झाला.

या सर्व काळात नभोवाणी शांतपणे आपले काम करत होती. २००० नंतरच्या दशकात कर्नाटकाने परस्परसंवादी नभोवाणी-पाठांचा प्रकार स्वीकारला. त्याची सुरुवात १९७४ च्या सुमारास निकाराग्वा या मध्य अमेरिकी देशात गणिताच्या पाठांनी झाली होती. नभोवाणीवरचा आवाज प्रश्न विचारतो, काही क्षण थांबतो, वर्ग उत्तर देतो, आणि आवाज जणू उत्तर ऐकल्यासारखा पुढे जातो. काटेकोरपणे पाहिले तर हा संवादाचा आभास आहे, कारण आकाशवाणीच्या स्टुडिओत कोणीही काही ऐकलेले नसते. तरीही त्या थांबण्यात काहीतरी खरे घडते. कीर्तनकार चरण अर्ध्यावर सोडतो आणि श्रोते तो पूर्ण करतात, तसे. अशा पाठांचा खरा विद्यार्थी वर्गात मागे उभा असलेला शिक्षक असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्रश्न कसा टाकावा, किती थांबावे, चुकलेल्या उत्तरानंतर काय म्हणावे, हे तो कोणत्याही प्रशिक्षणवर्गाला न जाता, कोणी शिकवतो आहे असे न वाटता शिकत असतो. प्रशिक्षणाच्या आकडेवारीत या शिकण्याची नोंद होत नाही.

संगणकाची कथा बंगळूरमध्ये मोठ्या गाजावाजाने सुरू झाली आणि तिच्यातला सुरुवातीचा भाग शिक्षकाला जवळजवळ वगळूनच लिहिला गेला. शतकाच्या आरंभी अझीम प्रेमजी फाउंडेशनने अनेक भारतीय भाषांत शैक्षणिक तबकड्या तयार केल्या. मुले त्यांतून स्वतः शिकतील अशी अपेक्षा होती. पुढे याच संस्थेने शिक्षणातील तंत्रज्ञानाच्या मर्यादा जाहीरपणे मांडल्या आणि शिक्षकांबरोबरच्या प्रत्यक्ष कामाकडे मोर्चा वळवला. अशी कबुली आपल्याकडे विरळाच. सरकारी माध्यमिक शाळांतील संगणक-कक्ष खासगी कंपन्यांकडे सोपवण्याची पद्धत त्या काळात रूढ झाली. यंत्रे कंपनीची, शिकवणारा माणूसही कंपनीचा. शाळेतला गणिताचा किंवा भाषेचा शिक्षक आपल्याच शाळेतल्या कक्षात पाहुणा. शेजारच्या केरळने 'आयटी@स्कूल' या उपक्रमात विषयशिक्षकांनाच प्रशिक्षक केले आणि मुक्त आज्ञावली वापरली. बंगळूरच्या 'आयटी फॉर चेंज' या संस्थेने या दोन पद्धतींची तुलना करून केरळच्या बाजूने कौल दिला, आणि नंतर कर्नाटकातच राज्य शासनाबरोबर त्या दिशेने काम उभे केले.

त्या कामाआधीची एक अडचण मराठी आणि कन्नड यांची सामाईक होती. २००० च्या दशकात शिक्षक संगणकावर आपल्या भाषेत लिहू लागला, तरी त्याने लिहिलेले दुसऱ्या संगणकावर उघडेलच याची खात्री नसे. प्रत्येक टंकाची संकेतपद्धती वेगळी होती. कर्नाटक शासनाने स्वीकारलेली 'नुडि', मराठी मुद्रणात पसरलेली पुण्याची 'श्री-लिपी', आणि बंगळूरच्या कंपनीने तयार केलेली, पण महाराष्ट्रातल्या छापखान्यांत घरची होऊन बसलेली 'आकृती', या सर्व आज्ञावली कागदावर सुंदर अक्षर उमटवत. ते अक्षर दुसऱ्याच्या पडद्यावर मात्र निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन पोहोचे. मराठी संगणकलेखकांच्या पहिल्या पिढीने वापरलेली 'बरह' ही आज्ञावली मूळ कन्नडसाठी तयार झाली होती आणि तिच्या नावाचा अर्थच 'लेखन'. युनिकोड रूढ होईपर्यंत भारतीय भाषांतला शिक्षक छापण्यासाठी लिहू शकत होता, पाठवण्यासाठी नाही. संप्रेषण-तंत्रज्ञानाच्या इतिहासात उपग्रहांच्या शेजारी ही टंकांची गोष्टही मांडली पाहिजे, कारण विचारण्याची वाट अक्षरांच्या संकेतांपाशी अडली होती.

ती वाट मोकळी झाल्यावर काय घडले, ते 'विषयशिक्षक मंच' या २०११ नंतरच्या उपक्रमात दिसते. सरकारी माध्यमिक शाळांतील गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि पुढे कन्नड या विषयांच्या शिक्षकांना जिल्हा संस्थांच्या संगणक-कक्षांत प्रशिक्षण मिळाले. कन्नडमध्ये टंकलेखन, 'जिओजेब्रा'वर भूमितीची रचना, संकल्पनाचित्र काढणे, अशा कामांतून त्यांचे विषयवार ई-मेल गट सुरू झाले. २०१३ पासून 'कर्नाटक मुक्त शैक्षणिक संसाधने' हा शिक्षकांनी लिहायचा आणि शिक्षकांनीच दुरुस्त करायचा कोश उभा राहू लागला. येथे तज्ज्ञ आणि श्रोता या जागा निश्चित राहिल्या नाहीत. एका जिल्ह्यातील शिक्षकाने विचारायचे, दुसऱ्या जिल्ह्यातील शिक्षकाने उत्तर द्यायचे, तिसऱ्याने ते उत्तर खोडायचे. अभिनंदने, बदल्यांच्या बातम्या आणि सुविचार यांचीही गर्दी अशा ठिकाणी होते. ती कोणत्याही चावडीवर होते. पाठभेदांना साखळी पद्धतीत जे कुप्रसिद्ध स्थान होते, ते या कोशात प्रतिष्ठेचे झाले, कारण कोणत्याही पृष्ठाच्या आधीच्या सर्व आवृत्त्या तेथे जपल्या जातात. उपग्रहाला जी एकच प्रमाण संहिता हवी होती तिच्या अगदी उलट हे तत्त्व आहे.

मात्र या दळणवळणात एक शिक्षक कडेला राहतो. कर्नाटक राज्याची पाठ्यपुस्तके कन्नड, इंग्रजी, उर्दू, मराठी, तेलुगू, तमिळ आणि हिंदी या सात माध्यमांत निघतात. बेळगाव, बिदर आणि उत्तर कन्नड या जिल्ह्यांत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तेथला शिक्षक मूळ दुसऱ्या भाषेत रचलेल्या आणि मराठीत उतरवलेल्या पुस्तकातून मराठीत शिकवतो. राज्यस्तरावरचे प्रशिक्षण मात्र प्रामुख्याने कन्नडमध्ये घेतो. प्रशिक्षणाची भाषा, पुस्तकाची भाषा आणि मुलांची घरची बोली, जी पुष्कळदा कोकणी किंवा कन्नडमिश्रित मराठी असते, यांच्यामधला अनुवाद तो दररोज, एकट्याने, कोणत्याही मानधनाविना करतो. 'वर्गीकरण' किंवा 'बाष्पीभवन' यांसारख्या संस्कृतोद्भव परिभाषेने त्याला हात दिला तरी उदाहरणे, सूचना आणि प्रश्नांची वळणे यांचा अनुवाद उरतोच. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने कर्नाटकासह सात राज्यांसाठी केलेल्या 'टेस-इंडिया' या शिक्षक-प्रशिक्षण साहित्यात शब्दशः अनुवादाऐवजी स्थानिकीकरणाचे तत्त्व मान्य झाले होते. प्रत्येक राज्याने उदाहरणे, नावे आणि वर्गस्थिती आपली घालावी, असे अभिप्रेत होते. पण ते तत्त्वही राज्य आणि राज्यभाषा हे एकक धरून चालते. राज्याच्या आतल्या अल्पभाषिक शिक्षकापर्यंत स्थानिकीकरण पोहोचते तेव्हा ते त्या शिक्षकाचे खासगी काम झालेले असते.

२०२० च्या साथीत प्रशिक्षणाचे सर्व व्यवहार भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. केंद्र शासनाच्या 'दीक्षा' या २०१७ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठावर 'निष्ठा' प्रशिक्षणाचे पाठ अनेक भाषांत, मराठीत आणि कन्नडमध्येही, उपलब्ध झाले. आदल्या वर्षापर्यंत प्रत्यक्ष वर्गात होणारे हे प्रशिक्षण आता चित्रफिती, मजकूर आणि शेवटी प्रश्नपेढी या क्रमाने येऊ लागले. किती भाग पाहून झाला हे टक्केवारीत दाखवणारी पट्टी भरली आणि चाचणी पार पडली की प्रमाणपत्र मिळते. बेळगावच्या मराठी शिक्षकाला येथे प्रथमच प्रशिक्षण आपल्या भाषेत ऐकण्याची सोय झाली, हे मोठे श्रेय तिला द्यावे लागेल. विचारण्यासाठी मात्र ती पट्टी काही मोजत नाही. आणि कर्नाटक मुक्त शैक्षणिक संसाधनांच्या कोशात विचारण्याची आणि लिहिण्याची सोय आहे, तर त्याची घडण कन्नड आणि इंग्रजी अशी दुहेरी आहे. तेथे हा शिक्षक वाचक म्हणून सहज शिरतो. लिहायचे तर आधी भाषा बदलून शिरावे लागते.